दुखत नव्हतं म्हणून मामा गप्प बसले

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, पण लॅबमधून घरी आलं की स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, मग डोळेच मिटायला लागतात. आज रविवार आहे, पोरं आजीकडे गेलीत, बसलेच लिहायला. विषय लघवीचा आहे, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आणि तो लघवीच्या टेस्टमधून कसा कळतो त्याचा. काही जणांना कसंतरी वाटेल, पण गेली ११ वर्षं मी तेच काम करते, सोलापुरात एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज सकाळी ६०-७० सॅम्पल समोर येतात आणि त्यातली निम्मी लघवीचीच असतात. लोक डबी कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, इकडं तिकडं बघत हातात देतात, जणू काही चोरी करून आणलंय. एवढी लाज बाळगतो म्हणूनच मी आज जे सांगणार आहे ते आमच्या घरात घडलं असं मला वाटतं.

माझे थोरले मामा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत ते सगळ्यांना माहीतच आहे, तिथं एका डाईंगमध्ये मामांनी ३४ वर्षं काम केलं, सूत रंगवायचं. लहानपणी सुट्टीत साखर पेठेत आजोळी गेलो की आम्ही पोरं पहिल्यांदा मामांची नखं बघायचो, कधी निळी, कधी मरून, कधी हिरवी, आंघोळ करून जेवायला बसले तरी नखाच्या कडेचा रंग जायचाच नाही. शेड ओळखण्यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. पार्टीनं चादरीचा तुकडा दिला की दारात उजेडात धरून बघायचे आणि सांगायचे, यात अजून जरा पिवळा पाहिजे. आणि विडी. दिवसाला एक बंडल तरी. विडी वळणाऱ्या बायका आमच्या गल्लीतच घरोघर, त्यामुळं विडी म्हणजे काही वाईट वस्तू आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, मामा दरवर्षी पांढरी बाराबंदी आणि धोतर घालून नंदीध्वजाबरोबर चालतात, ते त्यांनी एक वर्ष चुकवलेलं नाही. यात्रा झाल्यावर मामींनी धोतर धुवायला काढलं तर पुढच्या बाजूला लालसर डाग. मामा म्हणाले, रंगाचा असंल, डाईंगचा. मामींनी ३४ वर्षं त्यांच्या कपड्यांवरचे रंगाचे डाग धुतलेत, त्यांना एवढं कळतं की यात्रेचं धोतर वर्षातून चार दिवस पेटीतून निघतं आणि डाईंगचं तोंडसुद्धा बघत नाही. त्या काही बोलल्या नाहीत, गुपचूप माझ्या आईला फोन केला, आईनं मला.

मी त्याच संध्याकाळी गेले. मामा आधी उडवून लावायला लागले, मग मामी आत गेल्यावर हळूच म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात पण झालतं गं. पहिल्या दिवशी राणी कलर, दुसऱ्या दिवशी फिका गुलाबी, तिसऱ्या दिवशी परत साफ. मग दिवाळीच्या आधी एकदा." मी विचारलं, मामा मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "दुखत नव्हतं की. जळजळ नाही, पोटात कळ नाही. मला वाटलं उन्हाळी लागली."

उन्हाळी. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत लघवीचं काहीही झालं की एकच शब्द, उन्हाळी लागली, सब्जा घे, धने-जिऱ्याचं पाणी पी, नारळपाणी पी. आणि खरंच बऱ्याच वेळा तेवढंच असतं, म्हणून तर माणूस फसतो. मामा एका डॉक्टरकडं जाऊनही आले होते, त्यांनी लघवी न तपासताच इन्फेक्शनच्या गोळ्या लिहून दिल्या, पाच दिवसांत लाल थांबलं, मामांना वाटलं गोळ्यांनी थांबलं. काही महिन्यांनी परत झालं तेव्हा तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून परत त्याच गोळ्या. याचा मला आजही राग येतो. एक साधी युरिन रुटीन, सगळ्यात स्वस्त टेस्ट, कुणी केली असती तर ९ महिने वाचले असते.

दुसऱ्या दिवशी मी मामांचं सॅम्पल स्वतः लावलं. बघायला जवळजवळ साधंच, थोडं गढूळ, चहाचं पाणी जास्त झाल्यासारखं. स्ट्रिप बुडवली, रक्ताचा चौकोन हिरवा व्हायला लागला आणि गडद होतच गेला. मग नळीत घेऊन सेंट्रीफ्यूजला ५ मिनिटं फिरवलं, वरचं पाणी ओतून दिलं, तळाशी नेहमी पांढुरकं बसतं तिथं विटकरी ठिपका बसला होता. त्याचा एक थेंब स्लाईडवर, वर कव्हरस्लिप, ४० च्या लेन्सखाली धरलं. सगळं फील्ड, म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसतो तेवढा भाग, आरबीसींनी म्हणजे रक्ताच्या लाल पेशींनी भरलेलं. गोल, फिकट, कडा नीट असलेल्या. किडनीच्या गाळणीतून रक्त येतं तेव्हा पेशी चुरगळलेल्या, कान फुटल्यासारख्या दिसतात, या तशा नव्हत्या, म्हणजे रक्त खालून कुठून तरी येत होतं. मी पस सेल्स, म्हणजे इन्फेक्शनमध्ये दिसणाऱ्या पुवाच्या पेशी, शोधायला लागले. नाहीत. जंतू नाहीत. खड्याचे क्रिस्टल नाहीत. मी दहा फील्ड बघितली, पंधरा बघितली, मला मनापासून वाटत होतं की पस सेल्स दिसाव्यात, इन्फेक्शन निघावं. नुसतं रक्त होतं, सोबतीला काहीच नाही. ६१ वर्षांचा विडी ओढणारा माणूस, दुखत नाही, आणि नुसतं रक्त. आम्हाला शिकवताना सरांनी हेच एक वाक्य तीन वेळा सांगितलं होतं, न दुखता लघवीतून रक्त आलं तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सर समजून शोधायचं. मी खुर्चीत बसूनच राहिले. आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना हाक मारली, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, आजच सोनोग्राफी करून घे.

सोनोग्राफीत मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, डाव्या बाजूला दोन सेंटिमीटरची गाठ. मग युरॉलॉजिस्ट, दुर्बीण, ॲडमिट, आणि दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढायचं ऑपरेशन, त्याला टीयूआरबीटी म्हणतात. ऑपरेशननंतर पिशवी सलाईननं सतत धूत ठेवतात, वरून तीन तीन लिटरची बाटली सुरू आणि खाली नळीतून युरोबॅगमध्ये पाणी येतं. मामा पडल्या पडल्या त्या बॅगकडं बघत होते. रात्री मी होते सोबत. "आता कसाय कलर?" विचारायचे. मी म्हणायचे लाल. "लाल किती? मरून का टोमॅटो?" पहाटे चार वाजता स्वतःच मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "उतरला. बेबी पिंक झाला." सिस्टर सकाळी आल्या, त्यांनी पण चार्टवर तेच लिहिलं, हलका गुलाबी.

रिपोर्ट आला, कॅन्सरच, हाय ग्रेड म्हणजे जोरात वाढणारा, टी-१ म्हणजे अस्तरात शिरलेला, पण मसलपर्यंत, म्हणजे पिशवीच्या स्नायूपर्यंत, गेलेला नाही. हे 'मसलपर्यंत गेलेला नाही' हे शब्द या आजारात फार मोलाचे असतात. पिशवीच्या आतल्या अस्तरापुरता असेल तर पिशवी वाचते, मसलमध्ये शिरला तर बऱ्याचदा पूर्ण पिशवी काढावी लागते. सापडताना साधारण ७० ते ७५ टक्के पेशंटमध्ये तो मसलच्या अलीकडंच असतो. मामा त्यातले.

आता हे होतं कशामुळं. सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर, निम्म्याच्या आसपास केसेस त्याच्यामुळं होतात. आणि दुसरं जुनं कारण म्हणजे रंग. लुडविग रेन नावाचे जर्मनीतले सर्जन होते, त्यांनी १८९५ मध्ये सांगितलं की फ्रँकफर्टजवळच्या फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात गाठी झाल्यात. सव्वाशे वर्षांपूर्वी! पुढं कळलं की बेन्झिडीन, नॅप्थिलअमाईन अशी जी ॲरोमॅटिक अमाईन म्हणतात ती केमिकल्स याला जबाबदार. बेन्झिडीनपासून बनलेले रंग कापसावर सोपे चढतात म्हणून जगभर वापरले गेले, आपल्या सरकारनं त्यांच्यावर नव्वदच्या दशकात बंदी आणली. मामा डाईंगला लागले ते त्याच्या आधी. आणि गंमत नाही, भयंकर गोष्ट ही की तंबाखूच्या धुरात पण हीच अमाईन असतात. म्हणजे मामांना दोन्ही वाटांनी मिळालं. त्यांच्या गाठीचं कारण नेमकं कुठलं ते कुणी सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही, पण संपर्क आल्यावर २०-३० वर्षांनी सुद्धा हा आजार वर येतो हे डाईंगमधल्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे.

मामांनी विचारलं, विडीचा धूर छातीत जातो तर लघवीच्या पिशवीत काय करतोय? मी म्हणाले, मामा, धुरातलं विष रक्तात जातं, किडनी ते गाळून लघवीत टाकते, आणि ती लघवी पिशवीत तास-दोन तास, रात्री सहा सहा तास पडून राहते. सूत टाकीत जितका वेळ ठेवाल तितका रंग धरतं ना, तसं ते अस्तर भिजत पडतं. ते गप्प झाले. त्या दिवसापासून विडी बंद, खरंच बंद, मामींना विचारून खात्री केलीय.

ऑपरेशन झालं, महिन्याभरानं परत एकदा दुर्बिणीनं तीच जागा खरवडून बघितली, मग बीसीजी. लहान बाळांना टीबीसाठी देतात तीच बीसीजी, नळीनं पिशवीत सोडायची, दोन तास धरून ठेवायची, आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे. कॅनडात मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिलं आणि ते आजही चालू आहे. घरी आल्यावर सहा तास संडासात ब्लीच टाकायचं, ते मामींनी इमानेइतबारे केलं.

आणि मग सुरू झाली दुर्बिणीची वारी. या आजाराची खोड म्हणजे हा परत परत येतो, मसलच्या अलीकडचे सुद्धा निम्म्याहून जास्त परत येऊ शकतात, त्यामुळं हाय ग्रेडवाल्यांना पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण, नंतर सहा महिन्यांनी, मग वर्षानं. बोलायला सोपं आहे. लघवीच्या वाटेनं नळी आत, भूल म्हणजे नुसती जेल, टेबलावर पाय वर करून पडायचं, आजूबाजूला पोरीच्या वयाच्या सिस्टर, नंतर दोन दिवस लघवीला आग. मामा दोन वेळा गेले, तिसऱ्यांदा गेले, चौथ्या वेळी म्हणाले गावाला जायचंय, पुढच्या महिन्यात जातो. पुढच्या महिन्यात कुणाचं तरी लग्न निघालं. मामी रडायला लागल्या तर म्हणाले, "लघवी स्वच्छ हाय, मी बघतो की रोज. काय नाय मला." मी तारीख विचारली की विषय बदलायचे. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांना दुर्बीण झालेली नाही त्यांनी तर अजिबात देऊ नये.

इथंच लघवीच्या टेस्टचा विषय येतो ज्यासाठी मी एवढं लिहितेय.

मी त्यांच्याकडं डबी घेऊन गेले आणि म्हणाले, मामा दुर्बीण नको तर नको, तीन दिवस नुसती लघवी द्या. "लघवीत काय दिसणारे, मी सांगतो की साफ हाय." तेव्हा मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. तुम्ही नवीन रंगाचं सूत पक्कं आहे का कच्चं ते कसं बघता? पांढऱ्या सुताबरोबर गरम पाण्यात ठेवता, रंग सुटला तर पांढऱ्यावर चढतो. सूत बघून कळत नाही, पाणी सांगतं. तसंच पिशवीतली गाठ चोवीस तास लघवीतच बुडालेली असते, ती तिच्या पेशी सोडते, प्रोटीन सोडते, तुटका डीएनए सोडते, डोळ्याला लघवी स्वच्छ दिसते पण त्यात हे सगळं असतं. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि डबी घेतली. त्यांना पटलं, कारण आयुष्यभर त्यांनी पाण्यावरूनच रंग ओळखलाय.

आमच्या लॅबमध्ये होते ती युरिन सायटॉलॉजी, यातली सगळ्यात जुनी. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मियर टेस्ट करतात ना, तीवाले पापानिकोलाऊ, त्यांनी आणि मार्शल यांनी १९४५ मध्ये लघवीतल्या पेशींवरून कॅन्सर ओळखायचं मांडलं होतं. पहाटेची पहिली लघवी घ्यायची नाही, रात्रभर पडून पेशी खराब झालेल्या असतात, दुसरी घ्यायची आणि लगेच आणायची. तिसऱ्या दिवशीच्या सॅम्पलमध्ये मॅडमनी मला बोलावून दाखवलं. साध्या पेशींमध्ये चार-पाच वेगळ्या, केंद्रक एवढं फुगलेलं की पेशीत बाकी जागाच नाही, काळंभोर, आणि कडा कात्रीनं वेड्यावाकड्या कापल्यासारख्या. संख्येनं थोड्या होत्या म्हणून रिपोर्ट 'हाय ग्रेडचा संशय' असा गेला. मी तो कागद घेऊन गेले. मामांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला, म्हणाले, उद्याची वेळ घे. दुर्बिणीत गाठ नव्हतीच, लालसर मखमलीसारखा चट्टा होता, कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे वरच्या अस्तरातच राहिलेला कॅन्सर. तो सपाट असतो, दिसायला फसवा, पण लघवीत पेशी भरपूर सोडतो, सायटॉलॉजी नेमकी त्यालाच चांगली पकडते. परत बीसीजीचा कोर्स झाला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, तेव्हापासूनच्या सगळ्या दुर्बिणी साफ आहेत.

पण सायटॉलॉजीचं कौतुक करताना खरं पण सांगते, तिची मोठी कमी आहे. लो ग्रेड, म्हणजे हळू वाढणाऱ्या, गाठीच्या पेशी साध्या पेशींसारख्याच दिसतात, त्या ती सोडून देते. आणि बघणाऱ्याच्या डोळ्यावर पण अवलंबून. म्हणून गेली तीस वर्षं लोक लघवीतली दुसरी खूण शोधतायत, त्यालाच बायोमार्कर म्हणतात. एनएमपी२२ नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रकातलं, ते गाठ असताना लघवीत वाढतं, त्याच्या टेस्टला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. पुढं तर प्रेग्नन्सीच्या कार्डसारखं चार थेंब टाकून बघायचं कार्ड निघालं. अडचण अशी की मूतखडा असला, इन्फेक्शन असलं तरी ते पॉझिटिव्ह येतं, आणि सोलापुरात मूतखडा कुणाला नाही ते सांगा.

मग २००१ मध्ये परवानगी मिळालेली युरोव्हिजन. ही मला फार आवडते, मामांना पण फोटो दाखवला होता. लघवीतल्या पेशींच्या क्रोमोसोमला चमकणारे रंग जोडतात, ३ नंबरला लाल, ७ ला हिरवा, १७ ला आकाशी, आणि ९ नंबरच्या एका तुकड्याला सोनेरी. साध्या पेशीत प्रत्येक रंगाचे दोन दोन ठिपके. कॅन्सरच्या पेशीत लाल तीन, हिरवे चार, आणि सोनेरी गायब. रंगानं पेशी ओळखायची. मामा बराच वेळ फोन धरून बघत बसले. सोलापुरातून हिचं सॅम्पल बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवावं लागतं.

त्याच्या पुढच्या टेस्ट पेशी बघतच नाहीत. न्यूझीलंडमध्ये निघालेली सीएक्सब्लॅडर लघवीतल्या पाच जीन्सचा आरएनए मोजते. इस्राएलमधली ब्लॅडर एपिचेक डीएनएवरच्या १५ जागांचं मेथिलेशन, म्हणजे जीन चालू-बंद करणाऱ्या खुणा, बघते, तिला २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आणि एक टर्ट नावाचा जीन आहे, मूत्राशयाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये त्याच्या सुरुवातीच्या भागात ठराविक बदल होतो. इराणमध्ये गोलेस्तान भागात सुमारे ५० हजार लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे, त्यांची लघवी आधीच साठवून ठेवली होती. त्यातल्या ज्यांना पुढं मूत्राशयाचा कॅन्सर झाला त्यांचे जुने सॅम्पल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले, तर जवळपास निम्म्यांमध्ये तो बदल आधीच होता, काहींमध्ये आजार कळायच्या १० वर्षं आधी. हे वाचून मी त्या रात्री झोपले नाही. मामांनी ३४ वर्षांत कारखान्याच्या संडासात किती वेळा ती खूण वाहून घालवली असेल असंच डोक्यात येत होतं.

कुत्र्यांचा पण एक अभ्यास आहे, इंग्लंडमधला, २००४ चा. शिकवलेल्या कुत्र्यांनी सात सॅम्पलमधून कॅन्सरवालं एक वासावरून ओळखायचं, ५४ पैकी २२ वेळा बरोबर ओळखलं, अंदाजानं आठच्या आसपास आलं असतं. म्हणजे लघवीत काहीतरी आहे ते नाकाला सुद्धा कळतं.

मग दुर्बीण बंद का करत नाहीत? हा प्रश्न मामांनी मला दहा वेळा विचारलाय. कारण खूण सापडणं वेगळं आणि खात्रीनं नाही म्हणणं वेगळं. टेस्टनं नाही म्हणलं आणि छोटी लो ग्रेड गाठ आत राहिली असं होऊ शकतं. आणि उलटं पण होतं. समजा १००० लोकांची टेस्ट केली, त्यात खरे आजारी ५ आणि टेस्ट निरोगी माणसाला १०० पैकी १० वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर जवळजवळ १०० निरोगी माणसं घाबरून दुर्बिणीच्या लाईनीत उभी राहणार, ५ जणांसाठी. म्हणून सरसकट सगळ्या गावाची करून चालत नाही, आणि डोळ्याला दिसेल असं लाल झालं असेल तर तिथं लघवीची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून थांबायचं नाही, दुर्बीण करायचीच. पण हळूहळू जागा तयार होतेय. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेनं २०२५ मध्ये गाईडलाईन बदलली, ज्यांच्या लघवीत फक्त मायक्रोस्कोपखाली दिसेल एवढंच रक्त आहे आणि धोका मधला आहे, त्यांना दुर्बीण टाळायची असेल तर नीट समजावून सायटॉलॉजी किंवा लघवीच्या मार्करच्या आधारानं ठरवता येईल असं त्यात आलंय. छोटं वाटतं पण मला ते फार मोठं पाऊल वाटलं.

माझी तळमळ अशी आहे की अशा टेस्ट सगळ्यात आधी पोचायला पाहिजेत त्या डाईंगच्या दारात. पुण्या-मुंबईच्या हेल्थ पॅकेजमध्ये पोचतीलच, त्याची मला काळजी नाही. आपल्या जिल्ह्यात हे होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली खेड्यापाड्यातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री आपल्या बार्शीची आहे, गावोगाव फिरून, माणसांशी बोलून ते काम उभं राहिलंय. मग ज्यांनी पंधरा-वीस वर्षं रंगाच्या टाकीजवळ काढली आणि वर विडी ओढली त्यांची वर्षातून एकदा लघवी तपासायला काय हरकत आहे? मार्कर जाऊ दे, साधी मायक्रोस्कोपखाली बघायची लघवी. एका फील्डमध्ये ३ किंवा जास्त आरबीसी म्हणजे पुढं बघायचं, एवढा सोपा नियम आहे.

आणि बायकांचं तर अजून वेगळं. हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त, त्यामुळं बाईच्या लघवीत रक्त दिसलं की पाळीचं असेल, इन्फेक्शन असेल म्हणून महिनोन् महिने गोळ्या चालतात आणि तिला उशिरा कळतं. पाळी बंद होऊन दहा वर्षं झालेल्या बाईला सुद्धा 'पाळीचं असंल' म्हणताना मी ऐकलंय, काउंटरच्या या बाजूला उभी राहून. आता मी गप्प बसत नाही, रिपोर्ट देताना म्हणते, काकू हे डॉक्टरांना दाखवाच, आणि सोनोग्राफी विचारा.

लाल दिसलं म्हणजे कॅन्सरच असंही नाही हे पण सांगते, नाहीतर कुणी घाबरून जाईल. बीट खाल्लं तरी होतं, टीबीच्या गोळीनं नारिंगी होते, खड्यानं होतं. पण ते ठरवायचं काम आपलं नाही, डबीचं आहे.

परवा मंगळवारी लॅबमध्ये एक जण आले. काउंटरवर कुणी नव्हतं तरी आवाज खाली करून म्हणाले, तुम्ही अमक्यांच्या भाची ना, त्यांनी पाठवलंय. मामांबरोबर डाईंगला होते, आता रिटायर. दोन आठवड्यांपूर्वी एकदा लाल झालं, परत नाही झालं, दुखत नाही. मामांनी त्यांना म्हणे चहाच्या टपरीवरच विचारलं, शेड कुठली होती? ते म्हणाले, गुलाबी. तर मामांनी चहा अर्धा ठेवायला लावून रिक्षात बसवलं. मी डबी दिली, सॅम्पल लावलं, आरबीसी १५ ते २०, पस सेल्स एखाद-दुसरी. मॅडमशी बोलून चिठ्ठी करून दिली. गुरुवारी सोनोग्राफी झालीय त्यांची, रिपोर्ट उद्या मिळणार आहे. मामा पण जाणारेत त्यांच्यासोबत आणायला.